लेकींचा अंक आणि आमची शाळा

किल्लारीहून आम्ही बचतगटाच्या बाया बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, शेंगा फोडायच्या असतील तर फोडा, पण कान इकडे ठेवा. आज आम्ही सांगणार आहोत शाळेतल्या मुलींनी काढलेल्या एका अंकाविषयी. तो अंक काढताना मुली जेवढं शिकल्या, त्याहून थोडं जास्तच आम्ही शिकलो. फोनवर मराठी कसं लिहायचं, माणसाचा आवाज कसा जपायचा, छापायला काय द्यायचं आणि कुठली गोष्ट कुणाला दाखवायची नाही, हे सगळं त्यात आलं. आमच्या हातून एक मोठी चूकही झाली. ती आधीच कबूल करतो आणि पुढे सविस्तर सांगतो, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही.

ज्या बाया शाळेत गेल्या त्यांना हस्तलिखित आठवत असेल. चांगल्या अक्षराची मुलगी कागदावर लिहून काढायची, दुसरी समास आखायची, तिसरी रंगीत खडूनं चित्र काढायची. मग सुईदोऱ्यानं शिवून वर जाड पुठ्ठा लावायचा. २६ जानेवारीला पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन व्हायचं आणि अंक कपाटात जायचा. त्याची प्रत एकच. वाळवी लागली, पाणी गळलं, की संपलं.

या वेळी आठवी-नववीच्या मुलींनी विषय घेतला 'भूकंपाआधीचं आपलं गाव'. तुम्हाला सांगायला नको, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला आपल्याकडे काय झालं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं जमीनदोस्त झाली. आमच्या गटातल्या काही जणी तेव्हा अंगावर पीत होत्या. आताच्या मुली तर नव्या गावातच जन्मल्या. जुनं गाव म्हणजे त्यांना फक्त ३० सप्टेंबरला फुलं वाहायची जागा. तिथं गल्ल्या होत्या, पार होता, बाया कुठल्या आडावर पाणी शेंदायच्या, हे त्यांना माहीत नाही. ते सांगणाऱ्या आज्या एकेक करून चालल्यात.

शाळेतल्या बाईंनी आम्हाला एवढंच विचारलं होतं, "आज्यांना आणून बसवाल का?" आम्ही म्हटलं, आज्या आणतो, चहाही करतो. बाकीचं तुमचं तुम्ही बघा. पण काम सुरू झालं आणि पहिलाच प्रश्न आमच्याकडे आला.

फोन कुणाचा?

अंकासाठी मुली होत्या बारा. घरी फोन होते, पण ते बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात. मुलीच्या हातात दिवसा फोन येईल असं एकही घर नव्हतं. सरकारनं २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं होतं, २० तासांचा अभ्यासक्रम होता. आमच्यातल्या दोघींनी तो केलाही होता. पण पुढे हातात फोनच राहिला नाही, त्यामुळे शिकलेलं विसरलं. सायकल शिकून सायकलच मिळाली नाही तर पाय विसरणारच.

मग आम्ही गटाच्या बैठकीत विषय घेतला. दहा जणींत चार मोठे फोन निघाले. ठराव केला की दर रविवारी दुपारी दोन ते चार हे चार फोन अंकासाठी. एक वही केली. फोन कुणाचा, कुणी घेतला, किती वाजता परत दिला, सगळं त्यात लिहायचं. कर्जाची नोंद ठेवतो तशीच ही नोंद. दोन तास आम्हीही तिथंच बसायचं, म्हणजे घरच्यांना काळजी नको.

तरी एका मुलीच्या वडलांनी नाही म्हटलं. "फोन हातात आला की पोरी बिघडत्यात," हे त्यांचं म्हणणं. आम्ही दोनदा घरी गेलो, मुलीच्या आईलाही बोलावलं. ते काही बधले नाहीत. मग त्या मुलीनं कागद-पेन्सिल घेतली. आज्या सांगतील तसा जुन्या गावाचा नकाशा तिनं काढला. वेस, पार, आड, कुणाचा वाडा कुठं, पिठाची गिरणी कुठं. अंकात सगळ्यात जास्त वेळ लोक त्याच पानावर थांबले. पण तिला फोन मिळाला नाही, हे खरंच आहे. ते आम्हाला अजून जमलेलं नाही.

आवाज जपताना

आता ती चूक. पहिल्याच रविवारी एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या. त्या कधी कुणाजवळ त्या रात्रीचं बोलल्या नव्हत्या. मुली समोर बसल्या, फोनमधला रेकॉर्डर चालू केला, आणि आजी बोलायला लागल्या. चाळीसेक मिनिटं बोलल्या. आमच्यातल्या एकीलाही हुंदका आवरला नाही. आजी उठून गेल्यावर फोन बघितला तर रेकॉर्डिंग सहा मिनिटांचं. फोन भरलेला होता. 'शुभ सकाळ'ची फुलं, देवाचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, यानं जागाच उरली नव्हती. जागा संपली तसा रेकॉर्डर आपोआप थांबला, आणि आमचं कुणाचं पडद्याकडे लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजींकडे गेलो. चूक सांगितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एकडाव सांगितलं माय. आता पुन्यांदा न्हाई व्हायचं माझ्यानं."

त्यानंतर आम्ही नियम केले. ते तुम्हीही लिहून घ्या. बचतगटाची बैठक असो, आजीच्या ओव्या असोत की घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण, सगळीकडे चालतील.

एक, आधी फोनची जागा बघायची. सेटिंगमध्ये 'स्टोरेज' असं असतं, तिथं किती जागा शिल्लक आहे ते कळतं. नको ते फोटो आधीच काढून टाकायचे.
दोन, बॅटरी बघायची आणि विमानाचं चित्र असलेलं बटण दाबायचं. त्यानं फोनचं नेटवर्क बंद होतं, मध्येच कुणाचा फोन येत नाही.
तीन, पंखा बंद, कुकर बंद, खिडकी रस्त्याकडची असेल तर तीही बंद. फोन बोलणाऱ्या माणसापासून वीतभर अंतरावर, पदराखाली नको.
चार, आधी अर्धा मिनिट बोलून घ्यायचं, थांबवायचं, ऐकून बघायचं. मगच खरं काम.
पाच, एका मुलीनं फक्त पडद्याकडे बघायचं. आकडे पुढे सरकतात का, एवढंच तिचं काम.
सहा, झाल्या झाल्या फाइलला नाव द्यायचं. फोन आपलं आपण काहीतरी नाव देतो, त्यावरून महिन्यानं काही कळत नाही. तारीख, गल्ली आणि विषय, एवढं नावात आलं की पुरे.

बोललेलं लिहिताना

रेकॉर्डिंग झालं, आता ते उतरवायचं. कीबोर्डवर माईकचं चित्र असतं. भाषा मराठी निवडली आणि ते दाबून बोललं, की फोन आपोआप लिहितो. आमच्यातल्या ज्या चौथी शिकल्यात, त्यांना हे जादूच वाटलं. एरवी एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागायची.

पण फोनला आपली लातूरकडची बोली नीट कळत नाही. आम्ही 'माळवद' म्हटलं, त्यानं 'मालवण' लिहिलं. 'काय करायलीस' म्हटलं की काहीतरी तिसरंच. पूर्णविराम तर तो देतच नाही. म्हणून आम्ही जोड्या केल्या. एक मुलगी कानाला फोन लावून ऐकायची आणि तेच वाक्य हळू, स्पष्ट बोलायची. दुसरी चुका दुरुस्त करायची. चुकलेला शब्द हातानं लिहायला मुलींना बोटं चालवावी लागली, आणि त्यातूनच त्यांचं टायपिंग पक्कं झालं.

इथं एक वाद झाला. एका मुलीनं आजींचं सगळं बोलणं पुस्तकी करून टाकलं. 'म्या गेल्ते' चं 'मी गेले होते'. वाचून दाखवल्यावर ती आजी म्हणाली, "ही कोन बाई बोलायली? मी तर न्हवं." सगळे हसले, पण मुद्दा खरा होता. मग ठरलं की आज्यांचं बोलणं आहे तसं ठेवायचं आणि मुलींनी स्वतः लिहिलेला मजकूर शाळेच्या भाषेत.

छपाईवाल्याकडे अक्षरं का बिघडली?

अर्धा अंक आमच्या फोनवर तयार झाला. अर्धा गटातल्या एकीच्या ओळखीच्या मुलानं तालुक्याला कॉम्प्युटरवर टाइप करून दिला. दोन्ही एकत्र केलं तर त्याचा भाग म्हणजे नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे तुकडे. मुली घाबरल्या, वाटलं व्हायरस आला.

कारण साधं होतं. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. पूर्वी मराठीचे जे फॉन्ट होते, त्यांत आकडे इंग्रजी अक्षरांचेच वापरायचे आणि वरून मराठी अक्षराचं सोंग चढवायचं. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथं मराठी दिसतं, जिथं नाही तिथं सोंग उतरतं आणि इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोड नावाच्या पद्धतीत जगातल्या बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचा कायमचा क्रमांक दिलेला आहे. 'अ' चा ०९०५, 'क' चा ०९१५. आधार नंबरसारखं समजा. माणूस कुठंही गेला तरी नंबर तोच. आपल्या फोनवरचं मराठी युनिकोडमध्येच असतं, म्हणून ते एका फोनवरून दुसऱ्यावर नीट जातं.

यावरून आणखी एक कोडं सुटलं. 'क्ष' खोडायला गेलं तर एकदम न जाता तुकड्यातुकड्यानं का जातं? कारण तो आत तीन भागांचा आहे: क, पाय मोडल्याची खूण आणि ष. बाराखडी आम्ही लहानपणी घोकली होती, पण जोडाक्षर आतून कसं बसतं ते या वयात फोननं दाखवलं.

तेव्हा मजकूर बाहेर टाइप करून घेणार असाल, तर आधीच सांगा, "युनिकोडमध्ये पाहिजे." ग्रामसंघाचा अहवाल असो की अर्ज, हा एक शब्द लक्षात ठेवा. युनिकोडचे चांगले मराठी फॉन्ट फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले मुक्ता आणि बालू हे त्यातले. मुलींनी मजकुराला मुक्ता घेतला आणि मथळ्यांना बालू.

फोटो आणि परवानगी

भूकंपातून वाचलेले फोटो फार थोडे. कुणाच्या ट्रंकेत एखादा, कोपरे कुरतडलेला. ते कुणाकडून न्यायचे नाहीत, त्यांच्याच घरी काढायचे असं ठरलं. फोटो ओसरीत सपाट ठेवायचा, थेट ऊन नको, फ्लॅश नको, फोन अगदी वर सरळ धरायचा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो आवळून लहान करतं, मग छापताना चेहरे पुसट होतात.

एका मुलीनं उत्साहाच्या भरात एका आजीचा रडतानाचा फोटो स्टेटसला ठेवला. संध्याकाळपर्यंत तो आजीच्या पाहुण्यांपर्यंत गेला. आजीच्या सुनेनं येऊन विचारलं, "आमच्या घरचं दुःख गावभर दाखवायला दिलं होतं का तुम्हाला?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली, मुलीनं फोटो काढला. पण एकदा दुसऱ्याच्या फोनात गेलेली गोष्ट परत बोलावता येत नाही. तेव्हापासून प्रत्येकीला आधी तीन गोष्टी विचारायच्या: तुमचं बोलणं छापू का? नाव घालू का? फोटो घालू का? उत्तरंही रेकॉर्ड करून ठेवायची. तिन्हीला 'हो' म्हणणाऱ्या थोड्या निघाल्या. काहींनी बोलणं दिलं, नाव नाही. आम्ही तसंच छापलं. मुलींचंही अंकावर फक्त पहिलं नाव आणि इयत्ता ठेवली, फोन नंबर कुणाचाच नाही.

आकडा कुठला खरा?

मुलींनी भूकंपाची माहिती फोनवर शोधली. कुठं ६.२ रिश्टर, कुठं ६.४. मृतांचा आकडा कुठं सुमारे ८ हजार, कुठं १० हजार. मुली गोंधळल्या, मग यातला खरा कुठला? बाईंनी समजावलं की वेगवेगळ्या संस्थांची मोजणी वेगवेगळी येते. आपण काय करायचं, तर जो आकडा घेऊ त्याच्यापुढं तो कुणाचा ते लिहायचं, आणि जिथं फरक आहे तिथं फरक आहे असं सांगायचं. आम्ही गटात हिशेब लिहितो तेव्हा पावती जोडतोच की. फोनवर आलेल्या बातमीलाही पावती मागायची सवय आम्हाला तिथून लागली. आता कुणी 'अमुक दिवशी पुन्हा भूकंप होणार' असं पाठवलं, तर आमच्यातली एखादी तरी विचारते, "हे कुणी सांगितलं?" भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगता येईल असं शास्त्र अजून कुणाकडे नाही, हेही मुलींनीच आम्हाला सांगितलं.

पानांचं गणित

अंक १६ पानांचा ठरला. मोठा ए-फोर कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात, पुढून दोन, मागून दोन. म्हणजे १६ पानांना चारच कागद. म्हणून पानं नेहमी चारच्या पटीत ठेवायची, नाहीतर शेवटी कोरी उरतात. गंमत पुढंच आहे. दुमडून एकात एक घातलेल्या कागदावर पान १ च्या शेजारी पान २ येत नाही, १६ येतं. २ च्या शेजारी १५, ३ च्या शेजारी १४. शेजारच्या दोन पानांची बेरीज दर वेळी १७. १२ पानांचा अंक असता तर १३ आली असती. आमच्या हिशेबनीस ताईंनी हे मुलींच्याही आधी ओळखलं. आम्ही कोऱ्या कागदाचा छोटा नमुना शिवून त्यावर आकडे घातले आणि मग मजकूर लावला.

सगळं लावून झाल्यावर त्याची पीडीएफ केली. पीडीएफ म्हणजे लॅमिनेशन केल्यासारखं. पान ज्या फोनवर उघडाल तिथं तसंच दिसतं, अक्षर हलत नाही. छापायला पीडीएफच द्यायची. पण मूळ फाइलही ठेवायची, कारण दुरुस्ती करायची तर ती मूळ फाइलमध्येच करावी लागते. आणि प्रत एका जागी ठेवायची नाही. आमच्या तीन जागा आहेत: बाईंच्या ईमेलच्या ड्राइव्हवर, शाळेतल्या पेनड्राइव्हमध्ये, आणि कागदावर छापलेली आमच्या गटाच्या पेटीत.

सोयाबीनची रास चालू होती, दोन रविवार मुली शेतात होत्या, त्यामुळे अंक ३० सप्टेंबरला निघाला नाही. थोडा उशिरानं निघाला. मुखपृष्ठ हातानं काढलेलंच ठेवलं.

याचा आम्हाला उपयोग काय?

कुणी म्हणेल, हे मुलींचं काम, बायांना काय त्याचं? मैत्रिणींनो, भूकंपानंतर घरं बांधायचं सरकारी काम निघालं, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर आपल्याच गावांतल्या बाया 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. कधी घराबाहेर न पडलेल्या बाया घराचा नकाशा वाचायला, पाया बघायला, अधिकाऱ्याला प्रश्न विचारायला शिकल्या. त्यांनाही लोक म्हणालेच होते, बायांना यातलं काय कळतं.

आपल्या सीमेपलीकडे तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर गावात २००८ पासून 'संगम रेडिओ' चालतो, तो दलित शेतकरी बायांनी चालवलेला. उत्तर प्रदेशात बुंदेलखंडातल्या बायांनी २००२ मध्ये 'खबर लहरिया' हे वर्तमानपत्र काढलं. आधी ते कागदावर होतं, पुढं त्या फोनवर व्हिडिओ बातम्या करायला लागल्या. त्यांनीही सुरुवात कुठूनतरी केलीच असेल.

आमचं म्हणाल तर, बैठकीचं इतिवृत्त आता आम्ही आधी फोनवर बोलून घेतो आणि मग वहीत उतरवतो. बँकेचा संदेश वाचायला मुलाची वाट बघत नाही. कागदाचा फोटो सरळ काढता येतो, त्यामुळे अर्ज परत येत नाही. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हेही आता घोकून झालंय. रविवारचे दोन तास अंक संपल्यावरही चालू आहेत. फोन चारच आहेत, वहीही तीच आहे.

तुमच्या गावात सुरू करायचं असेल तर मोठं काही लागत नाही. एक शाळा, दोन-तीन फोन, एक वही आणि ऐकायला बसायची तयारी. आधी चार पानांचाच अंक काढा, एकाच कागदाचा. विषय घरातलाच घ्या, आजीचं माहेर, गावातले आड, विसरलेल्या रानभाज्या. म्हातारी माणसं आहेत तोवर करा.

आणि त्या पहिल्या आजी? त्यांच्याकडे मुली पुन्हा गेल्या, पण बोलायला लावायला नाही. ऐकताना जे लक्षात राहिलं होतं, ते मुलींनी चार ओळींत लिहून नेलं आणि वाचून दाखवलं. आजींनी एक शब्द बदलायला सांगितला. मुलींनी 'शेजारीण' लिहिलं होतं, आजी म्हणाल्या, "शेजारीन न्हवं, मैतरीन म्हन." नाव छापायला नको म्हणाल्या. अंकातल्या नवव्या पानावर तेवढ्याच चार ओळी आहेत. बाकीचं पान आम्ही कोरं ठेवलंय.

येतो मैत्रिणींनो. फोनमधली 'शुभ सकाळ'ची फुलं आज तेवढी काढून टाका. जागा लागेल.